जुनं पॉन्स दे लिऑन हॉटेल, आताचं फ्लॅगलर कॉलेज : आतून बघायला मिळतं का? सोलापूरहून जाणार आहोत

सातरस्ता_काकू

नमस्कार. मी सोलापूरची, सात रस्त्याजवळ राहते, २८ वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आता रिटायर. लेक-जावई अमेरिकेत फ्लोरिडामध्ये जॅक्सनव्हिलला असतात. गड्डा यात्रा झाली की आम्ही दोघं दोन महिन्यांसाठी त्यांच्याकडे निघणार आहोत. नंदीध्वजांची मिरवणूक बघितल्याशिवाय हे घरातून हलत नाहीत, म्हणून तिकिटं मुद्दाम जानेवारीच्या शेवटची काढलीयत.

लेक फोनवर विचारत होती, आई तुला काय बघायचंय, ऑर्लँडोला जाऊया का. मी म्हटलं ते नातवासाठी ठेव, मला सेंट ऑगस्टीनला ने. तिथं १८८८ साली उघडलेलं पॉन्स दे लिऑन नावाचं मोठ्ठं हॉटेल होतं आणि १९६८ पासून त्यात फ्लॅगलर कॉलेज भरतं, एवढं मला वाचून माहितेय. एका फोटोत बघितलं, रंगीत काचांच्या उंच खिडक्या, वर छतावर चित्रं, आणि खाली कॉलेजची पोरं ट्रे घेऊन जेवायला बसलीयत, पाठीवरच्या सॅक तशाच खुर्चीला अडकवलेल्या. तो फोटो डोळ्यापुढून जातच नाही.

आपल्याकडं जुनी वास्तू म्हटलं की एकतर कुलूप नाहीतर बुलडोझर. ह्यांची सगळी नोकरी गिरणीत गेली, साचाखात्यात. गिरणी बंद पडली, आणि नंतर बऱ्याच वर्षांनी एकदा आम्ही त्या बाजूनं रिक्षानं जात होतो तर शेड पाडून सगळं सपाट केलेलं. हे रिक्षा थांबवून खाली उतरले आणि कितीतरी वेळ नुसते उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत, मीही काही विचारलं नाही. तेव्हापासून कुठली जुनी इमारत अजून वापरात आहे असं कळलं की मला ती जाऊन बघावीशी वाटते.

तर विचारायचं असं की, ते चालू कॉलेज आहे म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला आत सोडतात का? का नुसतं गेटातून फोटो काढून परत यायचं? ती जेवणाची खोली बघायला मिळते का, कारण ती तर मुलांची मेस झाली. आणि ह्यांच्या गुडघ्यांचं दुखणं आहे, सलग तासभर उभं राहता येत नाही, जिने कितपत आहेत? कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा, घाई नाही.

---

होटगीरोड

काकू, नक्की जा. मी दोन वर्षांपूर्वी ताईकडं गेलो होतो तेव्हा जाऊन आलोय आणि अजून विसरलो नाहीये.

आधी कामाचं सांगतो. जॅक्सनव्हिलपासून साधारण ४० मैल, म्हणजे आपल्याकडचे ६५ किलोमीटर, तासाभरात पोचता. पुढच्या चौकात आणि घुमटाच्या लॉबीत आम्हाला दिवसा असंच जाता आलं, कुणी अडवलं नाही. पण जेवणाचा हॉल बघायचा तर त्यांची टूर घ्यायची, तिकीट लागतं, साधारण एक तास चालते आणि माहिती सांगायला कॉलेजचेच विद्यार्थी असतात. परीक्षा किंवा कार्यक्रम असला की टूर नसते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या साइटवर बघून घ्या किंवा मुलीला फोन करायला सांगा. पार्किंग गावात मिळत नाही, गावाच्या वेशीशी मोठं बहुमजली पार्किंग आहे तिथं गाडी लावून चालत या, काकांना मात्र कॉलेजच्या दारात आधी उतरवून मग गाडी लावायला जा.

आता बघण्याचं. किंग स्ट्रीटवर गेटासमोर फ्लॅगलरचा पुतळा आहे. हेन्री फ्लॅगलर, स्टँडर्ड ऑइलमधला रॉकफेलरचा पार्टनर. ह्या माणसाला फ्लोरिडाचा हिवाळा आवडला आणि त्यानं इथं हॉटेलं बांधायची आणि हॉटेलात माणसं यावीत म्हणून रेल्वे टाकायची असा धडाकाच लावला, शेवटी १९१२ मध्ये त्याची रेल्वे समुद्रावरून थेट की वेस्ट बेटापर्यंत गेली. पण त्याचं पहिलं हॉटेल हे. १० जानेवारी १८८८ ला उघडलं, ५४० खोल्या, आणि चालायचं फक्त हिवाळ्यात, जानेवारी ते एप्रिल, बाकी वर्षभर बंद. एवढा पसारा चार महिन्यांसाठी, विचार करा.

गेटातून आत गेलं की चौक, मधोमध कारंजं, त्याच्या काठाला बेडूक आणि कासवं, त्यांच्या तोंडातून पाणी उडतं. चारी बाजूंनी इमारत, वर लाल कौलं, दोन उंच टॉवर. तिथल्या बाकावर एक मुलगी ओले केस वाळवत पुस्तक वाचत बसली होती, अगदी आपल्या अंगणात बसावं तशी, कारण ती तिथंच राहते ना, जुन्या हॉटेलच्या खोल्यांमध्ये आता मुलींचं होस्टेल आहे.

दारातून आत पाऊल टाकलं की घुमट. इथं घाई करू नका. ओक लाकडात कोरलेल्या स्त्रिया, खांबासारख्या उभ्या राहून वरचा भार पेलतायत, आणि वर छतभर जॉर्ज मेनार्ड नावाच्या चित्रकारानं काढलेल्या बायका. त्यात पृथ्वी आहे, पाणी, अग्नी, वारा आहे, आणि मग साहस, शोध, विजय, संस्कृती अशा. ह्याच कल्पना त्यानं पुढं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये परत रंगवल्या. खाली जमिनीवर बारीक बारीक तुकड्यांचं मोझेक. आमच्या गाइडनं सगळ्यांना घुमटाच्या बरोबर खाली उभं करून मान वर करायला लावली आणि एक मिनिट काहीच बोलली नाही, ते मला फार आवडलं.

मग जेवणाचा हॉल. काकू, तुम्ही फोटोत बघितलंय त्याच्या दहापट आहे. लुई टिफनीच्या ७९ खिडक्या. टिफनी तेव्हा नावारूपाला येत होता, पुढं त्याचं नाव जगभर झालं. मला वाटलं होतं देवळासारखं गडद रंगीबेरंगी काहीतरी असेल, तसं नाही, मधासारखा, फिकट पिवळा, हिरवट उजेड आहे, आणि दुपार कलली की तो टेबलांवर सरकत जातो. आम्ही होतो तेव्हा एक मुलगा एकटाच बसून सूप पीत होता आणि त्याच्या शर्टाच्या बाहीवर तो हिरवा डाग पडलेला. त्याला पत्ताच नव्हता. मला त्याचा हेवाही वाटला आणि बरंही वाटलं, रोजचं झालंय त्याला ते.

जिन्यांचं म्हणाल तर घुमटाखालून हॉलकडं जायला पायऱ्या आहेत, फार नाहीत पण आहेत. काकांना पायऱ्या जमणार नसतील तर तिकीट काढतानाच सांगा, म्हणजे काय सोय होते ते ते बघतील. बसायला घुमटाखाली थोडी जागा मिळते.

---

काँक्रीटवाला_सोलापूर

होटगीरोड यांनी आतलं छान सांगितलंय, मी भिंतीबद्दल लिहितो कारण माझा धंदाच तो, आणि तिथं जाऊन भिंतीकडं न बघता परत येणारे बघितले की मला वाईट वाटतं.

ही इमारत विटांची नाही आणि दगडाचीही नाही. ओतलेली आहे. १८८५ च्या सुमाराला काम सुरू झालं तेव्हा एवढी मोठी इमारत काँक्रीट ओतून उभी करणं अमेरिकेतसुद्धा नवीन होतं. खडी कुठली वापरली माहितेय का, कोकिना. समोरच्या अनास्तासिया बेटावर शिंपल्यांचा दगड निघतो, लाखो बारके बारके शिंपले एकमेकांना चिकटून झालेला, त्याचा चुरा सिमेंट-वाळूत मिसळला, लाकडी फळ्यांचे साचे लावले आणि थरावर थर ओतून माणसांनी ठोकून ठोकून बसवला. काकू, भिंतीच्या अगदी जवळ जा, नाक लागेल एवढं जवळ. शिंपल्यांचे तुकडे दिसतात, काही ठिकाणी शिंपल्यावरच्या रेघासुद्धा मोजता येतात. फोटोत ती भिंत नुसती राखाडी दिसते. लाल रंग जो दिसतो तो विटांच्या पट्ट्यांचा आणि भाजलेल्या मातीच्या नक्षीचा, राखाडीवर तो असा उठून दिसतो की बास.

ह्याच शिंपल्याच्या दगडाचा किल्ला पण तिथंच आहे, कास्तिय्यो दे सान मार्कोस, १६७२ ला सुरू आणि १६९५ ला पूर्ण, स्पॅनिश लोकांचा. १७०२ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून तोफा डागल्या तर गोळे भिंत फोडायच्या ऐवजी भिंतीत रुतून बसले, कारण हा दगड सच्छिद्र, नरम, मार खातो आणि जिरवतो. आपला भुईकोट काळ्या दगडाचा, त्याचा स्वभाव वेगळा, पण दोन्ही बघितलेल्या माणसाला हाताखालचा फरक लगेच कळेल. किल्ला कॉलेजपासून चालत जाण्यासारखा आहे, काकांना जमणार नसेल तर गाडीतून बाहेरून तरी बघा.

आर्किटेक्ट दोघंजण, जॉन कॅरेर आणि थॉमस हेस्टिंग्ज. काम हातात घेतलं तेव्हा दोघंही तिशीच्या आतले! हेस्टिंग्जचे वडील पाद्री होते आणि फ्लॅगलर त्यांच्या चर्चमध्ये जायचा, त्या ओळखीतून काम मिळालं. ह्याच दोघांनी पुढं न्यू यॉर्कची प्रसिद्ध पब्लिक लायब्ररी बांधली. मी जिथं काम शिकलो तिथं पंचविशीतल्या पोराला साध्या कंपाउंड वॉलचं ड्रॉइंग एकट्याला देत नव्हते, त्यामुळं मला ह्या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. फ्लॅगलरनं पैसा ओतला हे खरंच, पण त्याहून मोठं म्हणजे त्यानं दोन पोरांवर विश्वास टाकला.

जागा पण सरळ नव्हती. तिथं मारिया सांचेझ नावाची खाडी आणि दलदल होती, त्यातला भाग भरून घेऊन हे उभं केलंय. आणि वीज पहिल्या दिवसापासून, एडिसनच्या कंपनीचे डायनॅमो बसवलेले. १८८८ ला!! गाइड सांगतात की पाहुणे बटन दाबायला घाबरायचे म्हणून दिवे लावायला-बंद करायला नोकर ठेवलेले. आणि ते दोन टॉवर कशासाठी आहेत ते मी सांगत नाही, काकांना विचारा, गिरणीतल्या माणसाला बघताक्षणी ओळखता येईल.

---

बाळीवेस_अण्णा

ओ मॅडम, तुमचं ते गिरणीचं वाचून गलबलून आलं. आमचे वडील पण गिरणीतलेच, तिसऱ्या पाळीचे. भोंगा झाला की आई चूल पेटवायची.

मी काय अमेरिकेला गेलो नाही आणि आता जाणार पण नाही, पण एक सांगतो, आपल्याकडं पण एक हाय बघा तसलं. इंद्रभुवन. अप्पासाहेब वारदांनी बांधलेला तो राजवाड्यासारखा वाडा, त्यात पुढं महापालिकेचा कारभार आला. मी लहानपणी वडलांबरोबर घरपट्टी भरायला जायचो, वडील रांगेत आणि मी बाहेर उभा राहून वरची नक्षी बघत बसायचो, मान दुखायची. ती इमारत टिकली ती का, तर तिथं रोज माणसं येत होती, कुणीतरी झाडू मारत होतं, गळालं तर कुणीतरी ओरडत होतं. बंद पडलेल्या वाड्याला कुणी ओरडत नाही. तुम्ही ते कॉलेज बघून आलात की इंद्रभुवन पण परत एकदा जाऊन बघा, नव्या नजरेनं.

---

पार्कचौक

मी दोन वर्षं फ्लोरिडात शिकायला होते, सेंट ऑगस्टीनला तीनदा गेलेय. वर सगळ्यांनी लिहिलंय ते बरोबरच आहे पण काकू इतिहासाच्या बाई आहेत म्हणून मी थोडं वेगळं लिहितेय, रागावू नका कुणी.

ते हॉटेल बघून भारावून जायला होतं पण ते कुणासाठी होतं हेही बघायला हवं. पाहुणे गोरे आणि गडगंज, वाढपी काळे. त्या काळात क्यूबन जायंट्स नावाची काळ्या खेळाडूंची बेसबॉलची टीम हिवाळ्यात तिथं खेळायची, पाहुण्यांच्या करमणुकीसाठी. आणि हे सगळं फार जुनं म्हणून सोडून देता येत नाही. १९६३ मध्ये त्याच किंग स्ट्रीटवर वूलवर्थच्या दुकानात जेवणाच्या काउंटरवर बसले म्हणून पकडलेल्या काळ्या शाळकरी मुलांपैकी चौघांना महिनोन्महिने डांबून ठेवलं, चौदा-पंधरा-सोळा वर्षांची पोरं. ११ जून १९६४ ला मार्टिन ल्यूथर किंग यांना ह्याच गावात एका मोटेलच्या रेस्टॉरंटच्या दारात अटक झाली. आठवड्यानं त्याच मोटेलच्या पोहण्याच्या तलावात काळी-गोरी माणसं एकत्र उतरली तर मॅनेजरनं पाण्यात ॲसिड ओतलं, तो फोटो जगभर गेला. २ जुलैला नागरी हक्कांचा कायदा झाला.

कॉलेजपासून पाच मिनिटांवर गावाचा जुना चौक आहे, प्लाझा, तिथं ह्या चळवळीत चाललेल्या साध्या माणसांचं स्मारक आहे, कुणा एका पुढाऱ्याचा पुतळा नाही तर चार सामान्य चेहरे एकामागे एक. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आपले चार हुतात्मे आठवले. १२ जानेवारी १९३१ ला ज्यांना फाशी दिली ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, लहानपणापासून त्यांच्या पुतळ्यांसमोरून शाळेत गेलेय मी. काकू, कॉलेज बघून झालं की तिथं जरूर जा. दोन्ही बघितलं की ते गाव पूर्ण बघितल्यासारखं वाटतं, नाहीतर अर्धंच.

---

सातरस्ता_काकू

सगळ्यांचे मनापासून आभार. पार्कचौक, रागावायचं काय त्यात, असंच लिहायला हवं, मी वर्गात पोरांना हेच सांगायचे की वाडा बघताना वाड्याचं परसदार पण बघा. अण्णा, तुमचं वाक्य ह्यांना वाचून दाखवलं, "बंद पडलेल्या वाड्याला कुणी ओरडत नाही", हे गप्प बसले थोडा वेळ.

अजून एक विचारायचं राहिलं, हॉटेल इतकं छान चाललेलं असताना बंद का पडलं? आणि ते पाडून टाकायचं कुणाच्या मनात आलं नाही का?

---

टँपाकर_मूळ_सोलापूर

काकू, छान चाललं ते फार वर्षं नाही. खुद्द फ्लॅगलरच रेल्वे घेऊन दक्षिणेकडं सरकत गेला, १८९४ ला पाम बीचला आणखी मोठं हॉटेल, १८९६ ला मायामी, आणि उबेसाठी येणारी श्रीमंत माणसं रेल्वेबरोबर तिकडं गेली. जिथं जास्त ऊन तिथं गर्दी. १९१३ मध्ये फ्लॅगलर वारला तेव्हा त्याचं पार्थिव ह्याच घुमटाखाली दर्शनाला ठेवलं होतं, आणि त्याची कबर तिथून जवळच, त्यानं लेकीच्या आठवणीसाठी बांधलेल्या चर्चमध्ये आहे. पुढं मंदी आली, त्याची गावातली बाकीची दोन हॉटेलं बंद पडली, हे एकटं तगलं. दुसऱ्या महायुद्धात कोस्ट गार्डनं ताब्यात घेतलं, ट्रेनिंगच्या पोरांनी खोल्या भरल्या. युद्धानंतर परत हॉटेल, पण तोवर लोक मोटारीनं यायला लागले, मोटेलात उतरायला लागले, शेवटी १९६७ ला कुलूप. फ्लॅगलरच्या तिसऱ्या बायकोच्या माहेरच्या घराण्यातले लॉरेन्स लुईस म्हणून होते, कंपनीचा कारभार त्यांच्याकडं, त्यांनी १९६८ मध्ये तिथं कॉलेज काढलं. सुरुवातीला फक्त मुलींचं, १९७१ पासून मुलं-मुली दोन्ही. २००६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंद झाली. मधे फक्त काही महिन्यांचं अंतर पडलं हॉटेल आणि कॉलेजमध्ये, म्हणून वाचलं असं माझं मत. दहा वर्षं बंद राहिलं असतं तर फ्लोरिडाच्या दमट हवेनं काय ठेवलं असतं त्या छताच्या चित्रांचं.

समोरचं अल्काझार पण बघा, तेही फ्लॅगलरचंच, आता लाइटनर म्युझियम. तिथं पोहण्याचा मोठा तलाव होता, आता कोरडा, आणि त्या तलावाच्या तळाशी टेबलं मांडून लोक जेवतात, तुम्ही बसता ती जागा एके काळी पाण्याखाली होती. तिसरं हॉटेल कासा मोनिका, ते १९९९ पासून परत हॉटेल म्हणून चालू आहे. एकाच चौकात तीन हॉटेलं आणि तिघांचं तीन तऱ्हेनं झालेलं.

मी टँपात राहतो म्हणून आमच्याकडचं पण सांगतो. इथं हेन्री प्लँट म्हणून दुसरा रेल्वेवाला होता, त्यानं १८९१ ला टँपा बे हॉटेल उघडलं, मशिदीसारखे मिनार, वर चंद्रकोरी, विजापूर बघितलेल्या सोलापूरकराला एकदम ओळखीचं वाटेल असं. १९३३ पासून त्यात युनिव्हर्सिटी ऑफ टँपा आहे, एका बाजूला म्युझियम. म्हणजे एकाच राज्यात दोन रेल्वेवाले, दोन हॉटेलं, आणि दोन्हीत आता पोरं शिकतात. सेंट ऑगस्टीनहून तीनेक तास लागतात, वेळ असला तर या, चहाला घरी या.

---

सातरस्ता_काकू

परवा सोलापूरला परत आलो, जेटलॅग अजून आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जाऊन आलो. फेब्रुवारीतला एक मंगळवार होता, ऊन छान कोवळं. होटगीरोड म्हणाले तसं ह्यांना दारात उतरवलं आणि जावई गाडी लावायला गेले. गेटात उभं राहून ह्यांनी वर बघितलं आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील, "वर टाकी असणार." मी काही सांगितलंच नव्हतं. टूर सुरू झाल्यावर त्या गाइड मुलीनं सांगितलं की टॉवरमध्ये पाण्याच्या टाक्या होत्या, उंचावरून खाली जोरात पाणी यावं म्हणून, लेकीनं ते मराठीत सांगितलं तेव्हा ह्यांनी नुसती मान हलवली पण चेहरा असा खुलला की मी खूप वर्षांनी तसा बघितला.

काँक्रीटवाले, तुमचं ऐकून भिंतीजवळ गेलो. ह्यांनी तळहात पूर्ण टेकवून वरून खाली फिरवला, सूत तपासताना फिरवायचे तसा. मग बोटानं एक शिंपला दाखवला, नखाएवढा, त्याची कड अजून धारदार. नातू पाच वर्षांचा, त्याला मोजायला लावले, सदतीस झाले आणि मग तो कंटाळून कारंज्यातल्या कासवांकडं पळाला.

घुमटाखाली उभी होते तेव्हा शेजारून तीन मुली धडाधड जिना उतरून गेल्या, एकीच्या हातात धुवायच्या कपड्यांची बास्केट, एकीच्या तोंडात टोस्ट. आमच्या ग्रुपमधल्या एक बाई थोड्या नाराज झाल्या, आवाज होतो म्हणून. मला मात्र त्याच आवाजासाठी इतक्या लांब आल्यासारखं वाटलं. शाळेची मधली सुट्टी झाली की व्हरांड्यातून असाच आवाज यायचा.

पायऱ्या ह्यांनी कठड्याला धरून सावकाश चढल्या, गाइड थांबून राहिली, अजिबात घाई केली नाही. जेवणाच्या हॉलमध्ये आम्हाला बाजूला उभं केलं कारण मुलांचं जेवण चालू व्हायचं होतं. एक माणूस टेबलं पुसत होता, एकामागे एक, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, प्रत्येक टेबल पुसून झालं की हाताची पाठ टेकवून वाळलंय का बघायचा. खिडक्यांबद्दल काय लिहू, होटगीरोडनी लिहिलंय तेच खरं, मधासारखा उजेड. मी त्या माणसाकडंच जास्त बघत होते. वर टिफनीच्या काचा आणि खाली तो रोज तीनदा टेबलं पुसणारा, अण्णांचं वाक्य सारखं आठवत होतं.

ह्यांनी लेकीला विचारायला लावलं की एखादी काच फुटली तर काय करता. गाइडनं प्रामाणिकपणे सांगितलं की मी दुसऱ्या वर्षाला आहे, मला नेमकं माहीत नाही, पण आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात की तुम्ही इथं राहताय म्हणजे हे तुम्ही सांभाळायचंय. मग तिनं ह्यांना विचारलं तुम्ही काय काम करायचात. लेकीनं सांगितलं. ती मुलगी म्हणाली मग ती गिरणी आता काय आहे. लेकीला पटकन उत्तर देता आलं नाही, ह्यांनीच इंग्रजीत सांगितलं, "नो मिल. प्लॉट." आणि हातानं सपाट करून दाखवलं. ती म्हणाली, आय ॲम सो सॉरी, आणि खरंच तिचे डोळे भरले होते.

नंतर प्लाझात गेलो. पार्कचौक, ते चार चेहरे बघितले, खूप वेळ उभी होते. तिथंच बाकावर बसून डबा उघडला, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही, लेकीला वाटत होतं इथं असं बसून खाणं बरं दिसेल का, पण आजूबाजूला सगळेच काही ना काही खात होते. नातवाला मी त्या वूलवर्थच्या काउंटरची गोष्ट सोपी करून सांगितली, नुसतं खायला बसले म्हणून पकडलं. त्यानं विचारलं मग त्यांना भूक लागली असेल ना. मी म्हटलं हो रे, लागली असेल.

टँपाला जमलं नाही, राग मानू नका, पुढच्या खेपेला नक्की. आणि पुढं कुणी जाणार असेल तर दुपारच्या जेवणाच्या अगदी आधीची टूर घ्या, हॉल रिकामाही बघता येतो आणि भरताना पण. गुडघ्याचं दुखणं असेल तर त्या बहुमजली पार्किंगपासून चालू नका, दारातच उतरा.

अण्णा, हे म्हणतायत सोमवारी इंद्रभुवनला जाऊन येऊया. तुम्ही येणार असाल तर इथंच लिहा, आम्ही साडेदहापर्यंत पोचू, भाकरी मी बांधून आणीन.

---

बाळीवेस_अण्णा

येतो. दाराशी उजव्या बाजूला उभा असेन, डोक्याला पांढरी टोपी.